गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, प्लेटा परत बसल्या आणि पहिल्याच पावसात इन्व्हर्टर लाल

जून उजाडला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. कोणी गच्चीचा कोबा नवा केलेला असतो, कोणी रो हाऊसवरचे गंजलेले पत्रे बदललेले असतात. त्यासाठी सोलरच्या प्लेटा उतरवल्या, काम झाल्यावर परत चढवल्या, मे महिनाभर सगळं सुरळीत चाललं. पाऊस पडला आणि प्लेटांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बंद. मुलुंड, चेंबूर, बोरिवली, चारकोप-गोराईची रो हाऊसं, सगळीकडे हाच बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की फोनवर दोनच प्रश्न विचारतो. सकाळी बंद राहून दुपारी आपोआप चालू होतो का? आणि प्लेटा उतरवल्या कोणी, सोलरवाल्याने की गच्चीच्या कंत्राटदाराच्या माणसांनी?

आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते ठरवा, म्हणजे खालचं सगळं वाचायची गरज पडणार नाही.

लक्षणं

सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण असं: रात्री पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टरचा दिवा लाल. डिस्प्लेवर ‘आयसो’, ‘इन्सुलेशन लो’, ‘ग्राउंड फॉल्ट’ असं काहीतरी, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय. अकरा-बाराला ऊन तापलं की लाल दिवा जाऊन हिरवा येतो आणि दिवसभर कुरकूर नाही. दोन दिवस कोरडे गेले तर बिघाड होता यावरच विश्वास बसत नाही.

दुसरं, इन्व्हर्टर चालू होतो पण मध्येच लीकेजचा संदेश देऊन बंद पडतो, किंवा त्याच्या लाइनवरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडतो.

तिसरं, संदेश काहीच नाही, दिवा हिरवा, पण युनिट कमी. मुंबईत चांगल्या उन्हात एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. म्हणजे ३ किलोवॉटच्या घरी कोरड्या दिवसात १२ युनिटच्या आसपास. तिथे ८ वर अडकलं असेल तर कारण शोधायला हवं.

चौथं, प्लेटांच्या पायांचे सिमेंटचे ब्लॉक जिथे बसवलेत त्याच्या बरोबर खाली, वरच्या मजल्याच्या छताला ओल. हे विजेचं नाही, पण त्याच कामातून आलेलं आहे, म्हणून त्याबद्दलही खाली लिहिलंय.

आणि पाचवं: प्लेटेच्या चौकटीला किंवा लोखंडी सांगाड्याला हात लागला की झिणझिण्या येतात. हे असेल तर पुढच्या कुठल्याही तपासणीच्या भानगडीत पडू नका. सांगाड्याला हात न लावता गच्चीचं दार लावा, मुलांना आणि कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना वर जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

फुकटची तपासणी: खाली उभं राहून

पहिलं काम कागद-पेनाचं. संदेश जसाच्या तसा उतरवा, वेळ लिहा, रात्री पाऊस होता का ते लिहा. तीन-चार दिवसांची नोंद हातात असेल तर येणाऱ्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं. संदेशात ‘ग्रिड’ हा शब्द असेल तर दोष बहुधा प्लेटांच्या बाजूला नाही, वीज कंपनीकडून येणाऱ्या लाइनच्या बाजूला आहे. त्यासाठी गच्चीवर चढायचं कारण नाही.

युनिट कमी वाटत असतील तर तुलना गेल्या महिन्याशी करू नका. मेनंतर जून-जुलैत ढगांमुळे उत्पादन निम्म्यावर येणं साहजिक आहे. अॅपमध्ये गेल्या वर्षीचा हाच महिना उघडा. तोही जवळपास तेवढाच असेल तर काही बिघडलेलं नाही.

मग स्विच. गच्चीवाल्यांनी काम सुरू करताना बंद केलेला डीसी आयसोलेटर (प्लेटांकडून येणारी वीज तोडणारा स्विच) कोणी परत चालू केलाच नाही, असं मी पाच-सहा ठिकाणी तरी पाहिलंय. प्लेटांच्या दोन ओळी (एकमेकींना जोडलेल्या प्लेटांची साखळी म्हणजे एक ओळ) असलेल्या घरात एकीचाच चालू करतात, दुसरी तशीच. डिस्प्लेवर पीव्ही-१ आणि पीव्ही-२ असे दोन आकडे येतात, त्यातला एक शून्य दिसला की उत्तर मिळालं.

डीसीच्या डब्याला पारदर्शक झाकण असेल तर सर्ज प्रोटेक्टरच्या (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणाऱ्या भागाच्या) छोट्या खिडक्या बघा. हिरव्या असतील तर ठीक. एखादी लाल झाली असेल तर तो जळालाय. जळालेला सर्ज प्रोटेक्टर स्वतःच जमिनीकडे विजेची गळती करू शकतो आणि इन्व्हर्टरला वाटतं प्लेटांमध्येच दोष आहे. प्लेटा उलटसुलट करून दोन दिवस घालवल्यावर शेवटी हाच सापडला, असं माझ्याही हातून सुरुवातीला झालंय. तेव्हापासून मी आधी खिडक्या बघतो. झाकण उघडायचं नाही, नुसतं बघायचं.

आता व्होल्ट. समजा तुमच्या एका ओळीत ८ प्लेटा आहेत. प्लेटा काढण्याआधी भर दुपारी डिस्प्लेवर ३०० व्होल्ट दिसायचे आणि आता २६० दिसतायत, तर एक प्लेट जोडायची राहिली आहे किंवा मेली आहे. फरक बारा-तेरा व्होल्टचाच असेल तर एका प्लेटेचा तिसरा हिस्सा गेला असण्याची शक्यता जास्त, कारण प्लेटेच्या मागच्या डब्यात सहसा तीन बायपास डायोड (बिघडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे) असतात आणि प्रत्येकाकडे एक तृतीयांश भाग असतो. जुना आकडा नसेल तर सारख्या प्लेटांच्या दुसऱ्या ओळीशी तुलना करा. प्लेटेच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा आकडा २५ अंशांचा असतो. आपल्याकडे प्लेट ५५-६० अंशांवर जाते तेव्हा व्होल्ट दहा टक्क्यांच्या आसपास उतरतात, त्यामुळे तेवढा फरक पाहून घाबरायचं नाही.

गच्चीवर, पण हात पाठीमागे

पाऊस थांबलेला असताना वर जा. वायरी, कनेक्टर, सांगाडा, कशालाही हात लावायचा नाही.

प्लेटा मोजा. मग त्यांच्यावर काय पडलंय ते बघा. कोबा फोडताना उडालेली धूळ, ग्रायंडरचा चुरा, सिमेंटच्या पाण्याचे वाळलेले शिंतोडे. धूळ साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने जाते, सकाळी काच थंड असताना धुवायची. सिमेंटचे डाग पत्तीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका, काचेवरचा लेप जातो. आणि काचेला तडा दिसत असेल तर पाणीही मारायचं नाही, तशी प्लेट हातच लावण्यासारखी नसते.

सावलीचं एक गणित मुंबईकरांना सांगायलाच हवं. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उलट उत्तरेला असतो. गच्चीची कामं नेमकी मेमध्ये होतात. प्लेटा परत बसवताना जागा दोन-चार फूट सरकते, दक्षिणेला पाण्याची नवी टाकी येते, कठडा एक वीट वर जातो, आणि त्या दिवशी सावली कुठेच दिसत नाही. डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. तेव्हा एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली भर दुपारीसुद्धा जवळजवळ एक मीटर पडते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून ‘पावसाळ्यात ठीक होतं, दिवाळीनंतर युनिट पडले’ अशी तक्रार असेल तर बिघाड शोधत बसू नका, दक्षिणेकडे काय नवीन उभं राहिलंय ते बघा.

आता मुख्य गोष्ट. वाकून, टॉर्च मारून प्लेटांच्या खाली बघा. काळे कनेक्टर, ज्यांना एमसी-४ म्हणतात, ते कुठे आहेत? सांगाड्याला टायने बांधलेले आणि अधांतरी असायला हवेत. वायरीला थोडा झोळ असावा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून झोळाच्या खालच्या टोकाला गळून जातं, कनेक्टरपर्यंत पोचत नाही. परत बसवताना टाय कापलेले असतात, नवे कोणी लावत नाही, आणि कनेक्टर कोब्यावर लोळतात. नव्या कोब्याचा उतार जरा चुकला तर तिथेच पाणी साचतं. वायर ब्लॉकखाली किंवा क्लॅम्पखाली चिरडलेली दिसते का, जोडावर काळी टेप गुंडाळलेली दिसते का, हेही बघा. टेप दिसली तर मी जवळजवळ खात्रीने सांगतो, दोष तिथेच आहे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हिरवी वायर किंवा जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी प्लेटेच्या चौकटीपासून सांगाड्याला आणि सांगाड्यापासून खाली अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेली पाहिजे. परत बसवताना सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच, कारण ती नसली तरी युनिट येत राहतात. दातेरी वॉशरही हरवतात. चौकटीच्या अॅल्युमिनियमवर जो लेप असतो त्यातून वीज वाहत नाही, दातेरी वॉशर तो लेप ओरखडून खालच्या धातूला भिडतो. साध्या वॉशरने बोल्ट घट्ट दिसतो पण अर्थिंग होत नाही.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही वायरमन आयसो फॉल्टवर एक उपाय करतात: सांगाड्याची अर्थिंग सोडून टाकतात. संदेश जातो. इन्व्हर्टर हिरवा होतो. मालक खूश होऊन पैसे देतो. पण गळती तिथेच असते, फक्त इन्व्हर्टरला ती दिसेनाशी होते. आता तोच सांगाडा पावसात साडेतीनशे व्होल्ट डीसी घेऊन उभा राहू शकतो, आणि त्याला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीत अशी सोडलेली हिरवी वायर मी पाहिली. तिला लागूनच कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. ‘अर्थिंग काढली की चालतंय’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा आणि पुन्हा बोलवू नका.

इथून पुढे स्वतः करू नका

तुम्ही घरात पंखा, गीझर, मिक्सर दुरुस्त करत असाल तरीसुद्धा. आयसोलेटर बंद केल्याने प्लेटा बंद होत नाहीत. ऊन आहे तोवर त्या वीज बनवतच असतात, ढगाळ दिवशीही ओळीचं व्होल्टेज जवळजवळ पूर्ण असतं. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला तिला वाव मिळतो. डीसीला तो शून्य नाही. चालू स्थितीत एमसी-४ ओढला तर ठिणगी लांबत जाते, विझत नाही, प्लास्टिक वितळतं, हात भाजतो.

बंद करायचीच वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा: आधी एसीचा एमसीबी, मग डीसी आयसोलेटर. एसी गेला की इन्व्हर्टर प्लेटांकडून करंट ओढणं थांबवतो आणि आयसोलेटर करंट वाहत नसताना उघडतो. उलटं केलं तर पूर्ण करंट आयसोलेटरच्या संपर्कांवर तुटतो.

माणूस कोण बोलवायचा? सरकारी अनुदानातून बसवलेली यंत्रणा असेल तर पहिली ५ वर्षं देखभाल बसवणाऱ्या कंपनीची जबाबदारी असते. करार काढून बघा आणि आधी त्यांनाच फोन करा. मुदत संपली असेल तर सोलरचं काम केलेला, परवाना असलेला विद्युत ठेकेदार. मीटरला आणि त्याच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही, ते काम तुमच्या भागातल्या वीज कंपनीचं, मग ती अदानी, टाटा, बेस्ट असो की महावितरण. त्याच प्लेटा त्याच संख्येने परत बसत असतील तर गोष्ट वेगळी. पण ‘एवीतेवी उतरवल्यात तर दोन वाढवू’ असं ठरलं तर क्षमता बदलते, आणि त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

तो काय करेल, म्हणजे तुम्हाला विचारता येईल

वेळ महत्त्वाची आहे. तंत्रज्ञ दुपारी तीनला आला, मीटर लावला, ‘सगळं ठीक आहे’ म्हणून गेला, ही तक्रार मी कितीदा ऐकलीय. त्याची चूक नाही. दुपारी तीनला गळती सुकलेली असते. पाऊस थांबल्यावर, ओल असतानाच, सकाळी आठ-नऊला यायला सांगा.

इन्व्हर्टर रोज सकाळी ग्रिडला जोडून घेण्याआधी प्लेटांच्या वायरी आणि जमीन यांच्यातला रोध मोजतो. तो मर्यादेपेक्षा कमी निघाला तर जोडणीच करत नाही. म्हणजे लाल दिवा हा इन्व्हर्टरचा बिघाड नसतो, तो त्याचं काम करतोय. केवळ या संदेशावरून कोणी ‘इन्व्हर्टर बदला’ म्हणत असेल तर खालची मोजणी केली का, एवढंच विचारा.

तंत्रज्ञ ओळ इन्व्हर्टरपासून सोडवून तीन आकडे घेतो: प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, अर्थ ते मायनस. ओळ निरोगी असेल तर अर्थशी घेतलेले दोन्ही आकडे शून्याकडे घसरत जातात. गळती असेल तर ते स्थिर राहतात आणि जागाही सांगतात. ८ प्लेटा, प्रत्येकी ४५ व्होल्ट, एकूण ३६०. प्लस ते अर्थ १३५ आले आणि अर्थ ते मायनस २२५. १३५ ला ४५ ने भागा, ३. म्हणजे प्लसच्या टोकापासून तिसऱ्या आणि चौथ्या प्लेटेच्या मधला जोड. आठ प्लेटा उतरवायची गरज नाही, सरळ त्या जोडापाशी जायचं. पहिल्यांदा हे मला एका ज्येष्ठ वायरमनने गोराईत भर पावसाळ्यात करून दाखवलं होतं. सांगितलेला कनेक्टर उघडला तर आतली पिन हिरवी पडलेली आणि पाणी थेंबाथेंबाने बाहेर आलं. आकडा उत्तराकडे कसा नेतो ते त्या दिवशी कळलं.

त्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं कधी? पावसात नाही. जोडलेल्या अवस्थेत एमसी-४ पाण्याला दाद देत नाही, त्याची रबरी कडी ते काम चोख करते. पण सुटं असताना त्याचं तोंड उघडं असतं. प्लेटा उतरवून कठड्याला टेकवल्या, तीन आठवडे कनेक्टर लोंबकळत राहिले, कोबा फोडल्याची धूळ आत गेली, सिमेंटचं पाणी शिंपडलं, समुद्रावरची खारी हवा होतीच. नंतर तसंच पुसूनसुद्धा न घेता जोडलं. रबरी कडीखाली वाळूचा एक कण राहिला तरी ओल आत शिरायला वाट मिळते. २०२५ साली तर मुंबईत २६ मेलाच मान्सून आला, एरवीची तारीख ११ जून. त्या वर्षी निम्म्या गच्च्यांवर प्लेटा अजून उतरवलेल्याच होत्या आणि कनेक्टर उघडे. त्या पावसाळ्यात मी जितके जोड कापून नवे लावले तितके आधी कधीच नव्हते.

अशा जोडाला साफ करून चालत नाही. मागून थोडी वायर कापून, तांबं चकचकीत निघेपर्यंत मागे जाऊन, नवी जोडी क्रिंपिंगच्या योग्य पक्कडने लावायची. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात. दिसायला सारखे असतात, खटकन बसतातही, पण वेगवेगळ्या बनावटीच्या पिना नीट भिडत नाहीत आणि जोड तापत जातो. जळून काळे झालेले जे कनेक्टर मी पाहिलेत त्यातले बरेचसे अशा मिश्र जोडीचे होते.

कनेक्टर निर्दोष निघाले तर वायरीचं आवरण, आणि सगळ्यात शेवटी प्लेट. प्लेटेच्या पाठीचा पांढरा पडदा एकमेकांवर रचताना दुसऱ्या प्लेटेच्या कोपऱ्याने फाटतो. त्यासाठी मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) एकेक प्लेट तपासावी लागते. पाठ फाटलेली किंवा काच तडकलेली प्लेट चिकटपट्टीने वाचवायचा प्रयत्न करू नका, ती ओळीतून काढा.

ब्लॉकखाली गळतंय

नव्या कोब्यावर प्लेटांचे पाय बोल्टने ठोकले असतील तर वॉटरप्रूफिंगला तितकी भोकं पडली. बोल्टभोवती सिलिकॉन थापून मी स्वतः कधी हे थांबवू शकलो नाही, आणि हे माझं कामही नाही. वॉटरप्रूफिंगवाल्यालाच बोलवा. बरोबर पद्धत अशी की सिमेंटचे ब्लॉक आधी बसवायचे, त्यांच्या पायथ्याला वाटा मारून कोपरा गोल करायचा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर ब्लॉकवर चढवायचा. मग पाणी भरून ४८ तास ठेवायचं, खाली ओल येते का बघायचं, आणि त्यानंतरच प्लेटा चढवायच्या. हाच क्रम कंत्राटाच्या कागदावर लिहून घ्या.

अजून प्लेटा उतरवायच्या असतील तर

गच्चीच्या कंत्राटदाराला फक्त गच्ची द्या. प्लेटा उतरवणं आणि चढवणं सोलरवाल्याकडे, वेगळ्या दराने. पंचवीस-तीस किलोची प्लेट उतरवायला दोन माणसं लागतात, वायरीला धरून ती कधीही उचलायची नाही. उतरवण्याआधी प्रत्येकीवर क्रमांक घाला, मागच्या जोडणीचे फोटो काढा, डिस्प्लेवरचे व्होल्ट लिहा. प्रत्येक कनेक्टर सुटल्याबरोबर त्यावर टोपी, टोपी नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि रबर. प्लेटा लांब कडेवर उभ्या, मध्ये पुठ्ठा, खाली लाकडी पट्ट्या, आणि दोरीने बांधून. आडव्या रचल्या की त्यावर कोणीतरी बसतं, सिमेंटची गोणी ठेवतं, आणि काच न फुटता आतल्या सेलना तडे जातात. काम फेब्रुवारी-मार्चला सुरू करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्लेटा परत वर असायला हव्यात.

आणि शेवटचा हप्ता राखून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी इन्व्हर्टर हिरवा आहे, पीव्ही-१ आणि पीव्ही-२ चे आकडे जुन्या वहीतल्या आकड्यांशी जुळतायत, हे स्वतः बघा, मग तो द्या.